दुःखाने माणसे जोडली जातात काय?



या मालेतील व्याख्याने मागच्या रांगेत बसून ऐकत आम्ही वाढलो. त्या मागच्या रांगेतल्या माणसाला चालकांनी या वर्षी पुढे बोलाविले, आणि तेही कामगार कायद्यावर नव्हे तर चित्रपटांवर बोलण्यासाठी, याचे कारण एवढेच की, आमच्या युनियनच्या कचेरीत महिन्यातून एका शनिवारी पांढऱ्या भिंतीवर चित्रपट दाखविला जातो आणि त्यानंतर तास-दोन तास वादावादी चालते. ती वादावादी चालकांपैकी कोणीतरी ऐकलेली दिसते. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कॅमेरा कोठे ठेवला, प्रकाश कसा सोडला, या गोष्टी आम्हांला कळत नाहीत. पडद्यावरचा माणूस आपल्या ओळखीचा आहे की नाही, आणि अडचणीत सापडल्यावर तो ज्या तऱ्हेने वागतो तसे खरोखर कोणी वागेल की नाही, एवढे मात्र आम्ही पारखून घेतो. आजचे बोलणे त्या पारखीपुरतेच आहे.

'संकटात माणसे जवळ येतात' असे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. शाळेच्या पुस्तकात असते, पुढाऱ्यांच्या भाषणात असते. आम्ही स्वतः ते वाक्य दारासभेत पुष्कळदा वापरलेले आहे. हे वाक्य कितपत खरे आहे, हा आजचा आमचा प्रश्न आहे. कारखान्यात कामगारकपातीची यादी लागणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी काय होते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. एकाच डब्यातून जेवणारी माणसे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागतात. कोण सुपरवायझरच्या टेबलाशी उभा होता, कोणाची सर्व्हिस किती, कोणाचा मेहुणा कोठे आहे, याचे हिशेब सुरू होतात. भाकरी कमी पडली की हात पुढे येतात हे खरे, परंतु ते एकमेकांच्या हातात हात घालण्यासाठी येतात असे नव्हे. तेव्हा संकट आपोआप माणसे जोडते, हे काही खरे नाही. मग काही वेळा ती जोडली जातात, ती कशाने? काही चित्रपटांनी या प्रश्नाचा विचार आम्हा चळवळीतल्या लोकांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे केला आहे, असे आमचे मत आहे.

पहिला चित्रपट इटलीतला, १९४८ सालचा, 'बायसिकल थीव्ह्ज' या नावाने आपल्याकडे ओळखला जाणारा. दिग्दर्शक वित्तोरियो दे सिका. महायुद्ध संपलेले, रोम शहरात बेकारी. अंतोनिओ रिच्ची या माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. त्याची बायको मारिया घरातल्या बिछान्यांच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकून सायकल सोडवून आणते. त्या गहाणाच्या दुकानातले एक दृश्य नीट पाहण्यासारखे आहे. दुकानातला माणूस चादरींचे गाठोडे घेऊन घडवंचीवर चढू लागतो, वर वर चढतच जातो. आणि छतापर्यंत सगळीकडे चादरींची गाठोडीच गाठोडी रचलेली आपल्याला दिसतात. साऱ्या शहराने आपल्या चादरी तेथे आणून ठेवल्या आहेत! बेकारीवर आम्ही तासभर बोलतो. त्यात जे सांगता येत नाही ते त्या दोन क्षणांत दिसते.

पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. अंतोनिओ संध्याकाळी आपल्या पक्षाच्या लोकांकडे जातो. तळघरात सभा चाललेली असते, आणि विषय काय, तर बेकारीचा. हा बेकार होऊ घातलेला माणूस आत येऊन मित्राची चौकशी करतो, तर त्याला 'गप्प राहा' म्हणून दटावले जाते. हे दृश्य आमच्या कचेरीत प्रथम दाखविले तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने हसले. का हसले ते आमच्या कार्यकारिणीला चांगले समजले! पण त्याच तळघराच्या दुसऱ्या बाजूस त्याचा मित्र बायोक्को भेटतो. तो कचरा उचलण्याच्या खात्यात कामाला आहे. तो भाषण करीत नाही. पहाटे कामाच्या गाडीसह आपले दोन सोबती घेऊन येतो आणि चोरबाजारात सायकलचे सुटे भाग हुडकीत हिंडतो. सायकल मिळत नाही. पण कामाच्या वेळातला वेळ त्याने दिला, ही गोष्ट घडली.

पुढे गरीब माणूस गरिबाशी कसा वागतो तेही हा चित्रपट लपवीत नाही. चोरही गरीबच आहे, फिट येणारा पोरगा आहे, आणि त्याची सगळी गल्ली त्याच्या बाजूने अंतोनिओच्या अंगावर धावून येते. अखेर अंतोनिओ स्वतःच एक सायकल पळवितो, धरला जातो, मार खातो, आणि हे सारे त्याच्या लहान मुलाच्या, ब्रूनोच्या, डोळ्यांदेखत. सायकलवाला त्या रडणाऱ्या मुलाकडे पाहून फिर्याद सोडून देतो. मग बाप लेकाशेजारून खाली मान घालून चालू लागतो आणि मुलगा आपला हात त्याच्या हातात देतो. सायकल गेली ती गेलीच. नोकरी गेली. उद्या काय, याचे उत्तर नाही. फक्त तो हात आहे.

हा अंतोनिओ झालेला लांबेर्तो माज्जोरानी नट नव्हता. कारखान्यात काम करणारा कामगार होता. या भूमिकेसाठी कॅरी ग्रँट घ्यावा, म्हणजे पैसे देतो, असे एका अमेरिकन निर्मात्याने सुचविले होते. दे सिकांनी ते मानले नाही. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानी परत कारखान्यात गेला, आणि त्याची ती नोकरी गेली. हे मुद्दाम सांगतो, कारण चित्रपटाने जगाचे दुःख दूर होते असा आमचा मुळीच समज नाही.

१९५२ साली मुंबईत आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात हा चित्रपट दाखविला गेला. तो पाहून बिमल रॉय यांनी १९५३ साली 'दो बिघा जमीन' काढला. शंभू महातो हा बंगालमधला शेतकरी. जमीनदाराचे कर्ज ६५ रुपये म्हणून तो भांडीकुंडी विकून पैसे घेऊन जातो, तर कागदावर ते २३५ रुपयांच्या घरात गेलेले. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते, आणि शंभू मुलाला घेऊन कलकत्त्यास हातरिक्षा ओढावयास जातो. ही भूमिका बलराज साहनी यांनी केली. सुशिक्षित, इंग्रजी शिकलेला माणूस; आपल्याला हे जमेल की नाही अशी त्यांना शंका होती. कलकत्त्यात एका बिहारी रिक्षावाल्याला त्यांनी चित्रपटाची कथा सांगितली, तेव्हा ती आपलीच कथा आहे, आपलीही जमीन अशीच गहाण पडली आहे, असे म्हणून त्या माणसाने डोळ्यांना पाणी आणले. साहनींनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्यानंतर अभिनयाची पुस्तके बाजूला ठेवून त्यांनी त्या माणसालाच आपल्या मनात घेतले.

या चित्रपटातली रिक्षाची शर्यत आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एका रिक्षात बाई, दुसऱ्या रिक्षात तिचा रुसवा काढू पाहणारा पुरुष. तो पैसे वाढवीत जातो आणि शंभू पुढच्या रिक्षामागे जीव तोडून धावतो. बसणाऱ्यांचा तो खेळ आहे. धावणारे दोघेही आपल्यासारखेच. अखेर चाक निखळते आणि शंभू जखमी होऊन पडतो. गरिबाला गरिबाच्या मागे पळावयास कसे लावतात, त्याचे याहून चांगले चित्र आम्ही पाहिलेले नाही. परंतु त्याच शहरात, झोपडपट्टीत, कोणी त्याला निवारा देते, एक वृद्ध रिक्षावाला त्याला धंद्याची वाट दाखवितो, बूटपॉलिश करणारा एक उनाड पोर त्याच्या मुलाला हाताशी धरतो. त्या सर्वांनाही स्वतःला पुरेसे नाहीच. जमीन शेवटी जाते. मूठभर माती उचलू म्हणतो तर पहारेकरी तीही टाकावयास लावतो. बाप, आई आणि मुलगा मात्र एकत्र चालू लागतात.

आता एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दया निराळी आणि नाते निराळे. आपल्या लोकप्रिय चित्रपटांत श्रीमंत नायक झोपडपट्टीत येतो, नोटा वाटतो, म्हातारीच्या पाया पडतो, आणि आपण रुमाल काढतो. त्यात वाईट काही नाही. पण तेथे देणाऱ्याचे काही जात नाही आणि घेणाऱ्याला काही परत देता येत नाही. असे नाते एका पायावर उभे असते.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट घ्या. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली होती. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा रचली. सहा खुनी कैदी आणि एक जेलर उजाड माळावर येऊन शेती करतात. या जेलरची गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते ती अशी की, तो कैद्यांवर दुरून उपकार करीत नाही. तो दाराला कुलूप न लावता त्यांच्याजवळ निजतो. म्हणजे त्याने आपला जीव त्यांच्या हाती दिला आहे. म्हणूनच पुढे भाजी स्वस्त विकतात म्हणून व्यापाऱ्यांची माणसे त्यांना मारतात तेव्हा, ज्या हातांनी खून केले ते हात वचनासाठी खाली राहतात. विश्वास टाकणाऱ्याने आधी धोका पत्करला, तेव्हाच समोरच्याला तो पाळावासा वाटला.

हाच विचार इंग्लंडमधल्या केन लोच यांच्या 'आय, डॅनियल ब्लेक' या २०१६ सालच्या चित्रपटात आहे. न्यूकॅसल शहरातला ५९ वर्षांचा सुतार. हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नकोस, आणि सरकारी कचेरी म्हणते तू कामाला लायक आहेस, भत्ता मिळणार नाही. त्याच कचेरीत दोन मुलांची आई केटी भेटते. लंडनमध्ये घर न मिळाल्याने तिला इतक्या दूर धाडलेले. मुलांना जेवू घालून ती स्वतः उपाशी राहते. आणि गरिबांना अन्न वाटणाऱ्या केंद्रात भूक अनावर होऊन तेथेच डबा फोडून हाताने खाऊ लागते, मग लाजेने कोसळते. डॅनियल तिला दोष देत नाही. तो तिच्या घराची दुरुस्ती करून देतो, मुलांना लाकडाच्या वस्तू करून देतो. पुढे त्याचेच दिवस फिरतात. तो घरातले सामान विकतो, दार लावून बसतो, कोणाला भेटत नाही. तेव्हा केटीची लहान मुलगी जेवणाचा डबा घेऊन दाराशी येते. तुम्ही आम्हांला मदत केलीत ना, मग मी तुम्हांला का करू नये, असा तिचा सरळ प्रश्न आहे. डॅनियलला दार उघडावे लागते. मदत देणे सोपे असते. ती घेण्यासाठी दार उघडणे पुष्कळांना जमत नाही, विशेषतः आपल्या पुरुषमंडळींना. दार उघडले तेव्हा नाते दोन पायांवर उभे राहिले.

येथवर जे बोललो त्याचा कस एका चित्रपटात लागतो. बेल्जममधील दारदेन बंधूंचा 'टू डेज, वन नाइट' हा २०१४ सालचा चित्रपट. हे बंधू सेरँ या पोलादाच्या कारखान्यांच्या गावाभोवतीच आपले चित्रपट काढतात. साँद्रा ही सूर्यशक्तीच्या तबकड्या बनविणाऱ्या लहान कारखान्यातली कामगार. मनाच्या आजाराने रजेवर होती. ती बरी होऊन येण्याच्या सुमारास मालक बाकीच्या १६ कामगारांपुढे प्रश्न टाकतो: प्रत्येकी १,००० युरो बोनस पाहिजे, की साँद्रा कामावर पाहिजे? त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ८० हजार रुपये होते. कामगार बोनसच्या बाजूने मत देतात. सोमवारी पुन्हा गुप्त मतदान घ्यावयाचे ठरते, आणि मधल्या शनिवार-रविवारी ही आजारी, खचलेली बाई एकेकाच्या दारी जाते. साऱ्या चित्रपटात गोष्ट एवढीच: ती जाते, घंटा वाजविते आणि विचारते.

आम्ही वर्गणीसाठी, सभासदत्वासाठी उभा जन्म दारे ठोठावीत आलो. त्या बाईला काय वाटत असेल ते आम्हांला कोणी सांगावयास नको. एका घरी मुलगी सांगते, आई घरात नाही; आणि आई आतच असते. एक जण म्हणतो, मुलीच्या शिक्षणाला पैसे पाहिजेत. त्याचे म्हणणे खोटे नाही. एका ठिकाणी तर तिच्यामुळे हाणामारी होते. उलट तिमुर नावाचा एक तरुण तिला पाहून रडतो. तो नवा असताना त्याच्या हातून तबकडी फुटली होती, तेव्हा साँद्राने तो दोष आपल्यावर घेतला होता. ते विसरून आपण बोनसला मत दिले याची त्याला लाज वाटते. साँद्रा कोणाला शिव्याशाप देत नाही. तुमची अडचण मला समजते, असेच ती म्हणते. मध्येच तिचा धीर सुटतो, गोळ्या खाऊन ती जीव द्यावयास निघते, आणि नेमक्या त्याच वेळी एक सहकारी बाई दाराशी येऊन सांगते की मी तुझ्या बाजूने मत देणार.

मतदान होते. आठ विरुद्ध आठ. बहुमत नाही म्हणून साँद्राची नोकरी जाते. मग मालक तिला एकटीला बोलावून सांगतो: मुदतीवर घेतलेल्या एका कामगाराची मुदत आम्ही वाढविणार नाही, त्याच्या जागी तुला परत घेऊ. तो मुदतीवरचा कामगार म्हणजे आल्फोन्स. आपली नोकरी धोक्यात आहे हे माहीत असूनही त्याने तिला मत दिलेले असते. साँद्रा नकार देते आणि बाहेर पडून नवऱ्याला फोनवर सांगते की आपण चांगली झुंज दिली. नोकरी नाही, आणि तरी ती पहिल्यापेक्षा ताठ चालत जाते.

हा चित्रपट आम्ही मागल्या एका दिवाळीच्या आधी मुद्दाम दाखविला. आमच्या भागातील एका कारखान्यात व्यवस्थापनाने कायम कामगारांपुढे असाच पेच टाकला होता. कायद्याच्या ८.३३ टक्क्यांवर जी जादा रक्कम दर वर्षी मिळते ती पूर्ण पाहिजे असेल, तर दिवाळीनंतर काही कंत्राटी कामगार कमी करावे लागतील, असे तोंडी सांगण्यात आले. चित्रपट संपल्यावर एक जुने टर्नर उठून म्हणाले, "त्या बाईने दारोदार जाण्याची पाळीच यावयास नको होती. मालकाने माणसामाणसांत लावून दिली, हा खरा गुन्हा. तुम्ही त्यावर बोला." टाळ्या पडल्या. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. हा प्रश्नच मालकाने रचलेला असतो आणि तो रचूच देता कामा नये, यासाठीच युनियन असते. साँद्राच्या कारखान्यात युनियन कोठे दिसत नाही, हेही खरे. तेवढ्यात पॅकिंग खात्यातली एक कंत्राटी मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "काका, ते बरोबर. पण आमच्यापैकी कोणाचे घर तुम्हांला माहीत आहे काय?" सभा गप्प झाली. बारा वर्षे एका छपराखाली काम करून कायम कामगारांपैकी एकालाही त्या मुलांची घरे माहीत नव्हती.

पुढच्या आठवड्यात काही कायम कामगार त्या वस्तीत गेले, आणि वस्तीतली मुले यांच्या चाळीत आली. मतदान झाले. जादा रकमेतला हिस्सा सोडून सर्वांना कामावर ठेवण्याची मागणी करावी, हा ठराव थोडक्या मतांनी पडला. ज्यांनी विरुद्ध मत दिले त्यांना आम्ही गद्दार म्हटले नाही. एकाच्या घरी आजारपण होते, एकाचे कर्जाचे हप्ते थकले होते. पण ठराव पडल्यावर कित्येकांनी आपल्या रकमेतून आपण होऊन पैसे काढले, कामावरून गेलेल्यांच्या घरी ते पोचते केले, आणि त्या वस्तीतून आमच्याकडे सभासदत्वाचे अर्ज पहिल्यांदाच आले. हा विजय नव्हे. कमी केलेल्यांपैकी सगळे अजून परत लागलेले नाहीत, त्यांचे प्रकरण चालू आहे. ते प्रकरण आता कायम कामगार स्वतःचे म्हणून चालवितात, एवढा फरक पडला.

शेवटचा चित्रपट आपल्या अगदी जवळचा. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा मान मिळाला. मुंबईच्या रुग्णालयातल्या दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू. आणि तेथेच स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वतीची भूमिका छाया कदम यांनी केली आहे. पार्वती गिरणी कामगाराची विधवा. बिल्डर तिला खोलीतून काढू पाहतो, आणि इतकी वर्षे त्या खोलीत राहिल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले; त्यानंतर त्या जमिनींवर काय उभे राहिले ते आपण पाहतोच. ज्यांनी ते शहर उभे केले त्यांच्यापाशी आपण येथे होतो याचा पुरावा नाही! प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते. त्यातून काही निघत नाही. मग पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते, तेव्हा या दोघी तिचे सामान घेऊन बरोबर जातात. एकीची भाषा मराठी, दोघींची मल्याळम. नाते नाही, गोत नाही. प्रभाचा नवरा परदेशी, त्याची खबरबात नाही. अनूचे प्रेम मुसलमान मुलावर, घरी सांगण्याची सोय नाही. शेवटी समुद्रकाठच्या एका टपरीत ही माणसे एकत्र बसतात. कोणाचाही प्रश्न सुटलेला नसतो, पण एकमेकांपासून लपविण्यासारखे आता त्यांच्यात काही राहिलेले नसते.

कोणी विचारील की, असे चित्रपट पाहून लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. त्याने काय होते? आमचे उत्तर एवढेच की, दुःख पाहून हळहळणे आणि दुःखात वाटणी घेणे यांतला फरक या चित्रपटांनी आम्हांला भाषणांपेक्षा नीट समजावून दिला. संकट माणसांना जोडीत नाही. कोणीतरी उठून दुसऱ्याच्या दारी जाते, कोणीतरी आपल्या तुटपुंज्यातला हिस्सा काढते, आणि ज्याला मिळाले त्यालाही देण्याची संधी राहते, तेव्हा माणसे जोडली जातात. ती किंमत न देता जोडली गेलेली माणसे आम्ही पडद्यावर पुष्कळ पाहिली, बाहेर फारशी पाहिली नाहीत.

या सभागृहात कायम नोकरीत असलेले, निवृत्तिवेतन मिळविणारे असे पुष्कळ जण बसले आहेत. आपल्या सोसायटीचा रखवालदार, रुग्णालयातली सफाईची बाई, बँकेच्या दारातला पहारेकरी, घरी सामान पोचविणारा मुलगा, हे बहुतेक सारे कंत्राटावर आहेत. त्यांच्यासाठी हळहळा असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला भरण्यापूर्वी त्यांच्यापैकी निदान एकाचे घर आपल्याला माहीत असावे, आणि त्यालाही आपले घर माहीत असावे, एवढीच विनंती करतो.